साडूंचं हवामान खातं

साडू या नात्याला आपल्याकडे सण नाही. जावयाला धोंड्याचा महिना आहे, भावाला भाऊबीज आहे, बैलालासुद्धा पोळा आहे. साडूच्या वाट्याला येते ती फक्त तुलना. पगार, गाडी, डोक्यावर उरलेले केस अशा क्रमाने ही तुलना एरवी पन्नाशीपर्यंत आपोआप मिटते. पण दोन्ही जावई जर्मनीत जाऊन बसले की तिला नवं मैदान मिळतं: हवामान. आणि सासूबाईंच्या हाती स्मार्टफोन आला की त्या मैदानावर पंचही हजर होतो.

थोरले साडू हांबुर्गला असतात, बंदरातल्या एका मालवाहतूक कंपनीत. मी श्टुटगार्टला, मोटारींच्या सॉफ्टवेअरमध्ये. (श्टुटगार्टला मराठी माणूस सहसा मोटारीच्याच पायी येतो. चाकणहून निघालेली पायवाट थेट इथे निघते.) सासर निफाडचं, द्राक्षबागाईतदार. ‘आपली माणसं’ नावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आम्ही दोघं फोटो टाकतो, सासूबाई अंगठा दाखवतात किंवा दाखवत नाहीत, आणि त्यावर दोन घरांतलं वातावरण ठरतं.

निफाडच्या लेखी जर्मनी ही एकच आळी आहे. टीव्हीवर कुठे पूर दिसला की दोघांनाही एकदमच फोन येतो. हांबुर्ग ते श्टुटगार्ट रस्त्याने साडेसहाशे किलोमीटर आहे हे मी अनेकदा सांगितलं. त्यावर सासूबाईंचं उत्तर ठरलेलं: “मग एखाद्या रविवारी जाऊन या की. बहीण आहे तिची.”

चढाओढ पेटते ती हिवाळ्यात. डिसेंबरात हांबुर्गला सूर्य दुपारी चारच्या सुमारास मावळतो. साडूंनी एकदा नाताळबाजाराचा झगमगता फोटो टाकला, मागे काळंकुट्ट आकाश. सासूबाईंचा ताबडतोब निरोप: “इतक्या रात्री लेकरांना घेऊन कुठे फिरताय?” घड्याळात साडेचार वाजले होते. शाळेतून घरी परतण्याची वेळ. मी लगोलग श्टुटगार्टचा त्याच वेळचा फोटो टाकला. आमच्याकडे क्षितिजाशी थोडा उजेड शिल्लक होता. अक्षांशाच्या कृपेने डिसेंबरात श्टुटगार्टचा दिवस हांबुर्गपेक्षा पाऊण तासाने मोठा असतो. या पाऊण तासात माझं कर्तृत्व शून्य आहे, पण सासुरवाडीत जावयाने कर्तृत्वावर फार अवलंबून राहू नये.

त्याच बाजारात गरम वाइन मिळते, दालचिनी-लवंग घालून उकळलेली. सासूबाईंना वाइन कशी सांगणार? साडूंनी लिहिलं, “आई, हा इकडचा काढा.” सासूबाई काळजीत पडल्या. दोन्ही मुली, दोन्ही जावई, महिनाभर रोज संध्याकाळी उभ्याने काढा पीत आहेत, म्हणजे सर्दी छातीत उतरली असणार. पुढच्या पार्सलातून सितोपलादी चूर्ण आलं.

बर्फाच्या बाबतीत मी वरचढ आहे. श्टुटगार्ट हे डोंगरांच्या खळग्यात वसलेलं शहर. खाली खळग्यात पाऊस पडत असताना वर डोंगरावरच्या वस्तीत बर्फ पडतो, आणि मी वर राहतो. हांबुर्गला समुद्राकडची दमट हवा. बर्फ पडला तरी दुपारपर्यंत त्याचा चिखल होतो, त्यामुळे साडूंना फोटोसाठी पहाटे उठावं लागतं. पहाटे मीही उठतो, पण कारण वेगळं. घरापुढचा पदपथ कामाच्या दिवशी सकाळी सातच्या आत मोकळा करायचा, असा नियम आहे. माझ्या प्रत्येक बर्फाच्या फोटोत झाडं पांढरी, छपरं पांढरी, कुंपण पांढरं असतं. फावडं फोटोत नसतं, ते हातात असतं. “स्वर्गात राहताय,” असं सासूबाई लिहितात. स्वर्गात पहाटे सहाला बर्फ उपसायला उठवतात, हे आपल्या पुराणांत कुठे आलेलं नाही.

एक दिवस मी ग्रुपवरचे मागच्या वर्षांचे सगळे फोटो ओळीने पाहत बसलो आणि चक्रावलोच. या फोटोंवरून कोणी निष्कर्ष काढला तर हांबुर्ग हे भूमध्य समुद्राकाठचं शहर ठरेल. आल्स्टर तलावावर पांढरी शिडं, निळंशार आकाश, गवतावर पहुडलेली माणसं. जिकडे पाहावं तिकडे ऊन. आणि श्टुटगार्ट? धुकं. खळग्यात भरलेलं धुकं, धुक्यातून वर डोकावणारा १९५६ सालचा टीव्ही टॉवर, धुक्यातली चर्चची टोकं, धुक्यातला मी. वस्तुस्थिती बरोबर उलटी आहे. श्टुटगार्टला ऊन नित्याचं, म्हणून त्याचा फोटो कोणी काढत नाही. धुकं पडलं की सगळे फोन घेऊन गच्चीत येतात. हांबुर्गला ऊन पडलं की कचेऱ्या ओस पडतात, बारा अंश तापमानात माणसं मांडीवर कांबळं घेऊन कॅफेच्या बाहेर बसतात आणि प्रत्येकाचा मोबाइल आकाशाकडे असतो. साडूंचाही. ते खोटं बोलत नाहीत. उरलेल्या दिवशी त्यांचा फोन खिशात असतो, इतकंच.

हांबुर्गच्या पावसाचं तर मला कोडंच पडलं होतं. म्हणून आकडे पाहिले. हांबुर्गला वर्षाकाठी साडेसातशे ते आठशे मिलिमीटर पाऊस पडतो. पुण्याचा आकडा याच्या आसपासच आहे! फरक वसुलीच्या पद्धतीत. पुणं चार महिन्यांत एकरकमी भरून मोकळं होतं, हांबुर्ग बारा महिने हप्ते फेडत बसतं. त्यातही मौज अशी, की म्युनिकला हांबुर्गपेक्षा जास्त पाऊस पडतो, पण पावसाळी म्हणून बदनाम हांबुर्ग. म्युनिकचे फोटो कोण काढतं ते शोधलं पाहिजे.

वसंतात दोघांचाही तोल सुटतो. मार्चच्या शेवटी आमच्याकडे विल्हेल्मा या राजेशाही बागेत मॅग्नोलिया फुलतात आणि अर्धं शहर एकाच झाडाखाली उभं राहून आळीपाळीने फोटो काढतं. साडूंकडे हंस येतात. येतात म्हणजे उडत येत नाहीत, आणले जातात. आल्स्टरवरचे हंस हे हांबुर्ग शहराचं अधिकृत खातं आहे. त्यांच्यासाठी सतराव्या शतकापासून नेमलेला माणूस असतो. नोव्हेंबरात हंसांना होड्यांत बसवून एप्पेनडॉर्फच्या तळ्यावर नेतात, तिथलं पाणी गोठू देत नाहीत, आणि वसंतात परत आल्स्टरवर सोडतात. हे हंस असेतोवर हांबुर्ग स्वतंत्र राहील अशी समजूत आहे. त्यामुळे हंसाची इथे बदली होते, निवृत्ती नाही. साडूंनी होडीतल्या हंसांचा फोटो टाकला तेव्हा सासऱ्यांनी एवढंच विचारलं, “पगार कोणत्या ग्रेडचा?” तो हंसांचा की माणसाचा हे कळलं नाही.

एप्रिल उजाडला की दोन्ही शहरांत एकच फोटो निघतो: ताटात पांढऱ्या काड्या, वर पिवळा सॉस. हा ॲस्परॅगस. जूनच्या २४ तारखेपर्यंतच मिळतो आणि तोवर जर्मन माणूस दुसऱ्या कुठल्या भाजीकडे ढुंकून पाहत नाही. सासूबाईंनी विचारलं, हे काय? मी अभ्यासूपणे उत्तर दिलं, “आई, ही आपल्या शतावरीचीच बहीण.” दोन मिनिटांत माझ्या बायकोचा फोन वाजला. पलीकडून दबलेल्या, हर्षभरित आवाजात विचारणा: “कितवा महिना?” पाठोपाठ तोच फोन हांबुर्गलाही गेला, कारण तिथेही ताटात शतावरी होती. दोन मुलींकडे एकदम गोड बातमी! ती नाही हे समजावण्यात आमचा शनिवार गेला.

आता माणसांचं सांगतो. सासूबाईंनी एकदा फार मुद्द्याचं विचारलं: “तुमच्या गावांत माणसं राहतात की नाही?” खरंच, आमच्या फोटोंत माणसं नसतात. असली तर पाठमोरी. चेहरे फक्त आमचे आणि हंसांचे. कारण या देशात प्रत्येकाचा स्वतःच्या चेहऱ्यावर कायदेशीर हक्क आहे. परवानगीवाचून कोणाचा फोटो प्रसिद्ध करता येत नाही. बालवाडीत मुलाचं नाव घालताना मी त्याच्या जेवणाबद्दल एक पान भरलं आणि त्याच्या फोटोबद्दल तीन. २०१० साली गूगलने रस्त्यारस्त्यांचे फोटो काढून नकाशावर टाकायचे ठरवले तेव्हा वीस शहरांतल्या जवळजवळ अडीच लाख घरांनी ‘आमचं घर दाखवू नका’ असे अर्ज केले. आमची दोन्ही शहरं त्या विसांत. आपल्याकडे घर बांधलं की गच्चीवर नाव रंगवून, वर ‘मातृकृपा’ लिहून, पाहुण्याला तीनदा फिरवून दाखवतात. इथे अख्ख्या इमारतींनी नकाशावर घुंगट घेतला.

हा कायदा आला कुठून, हे मी शोधलं, आणि मला अत्यानंद झाला. १८९८ साली बिस्मार्क हांबुर्गजवळच्या फ्रीड्रिक्सरू इथे वारला. त्या रात्री दोन फोटोग्राफर लाच देऊन आत शिरले, पलंगावरच्या प्रेताचा फोटो काढला आणि तो विकायला निघाले. मोठा गहजब झाला, खटला झाला, आणि त्या लाजेतून पुढे १९०७ साली हा चेहऱ्याचा कायदा झाला. ते दोन फोटोग्राफर कुठले? हांबुर्गचे! मी हा सगळा इतिहास ग्रुपवर तपशीलवार टाकला. आमच्या फोटोंत माणसं नाहीत याला थोरल्या जावयाचं गाव जबाबदार आहे, हे सूचक शब्दांत लिहिलं. सासूबाईंनी अंगठा दाखवला नाही. संध्याकाळच्या वेळी प्रेताचं कशाला लिहिलं म्हणून सासऱ्यांनी समज दिली.

माझा स्वतःचा या बाबतीतला अनुभव जिन्यातला आहे. श्टुटगार्टकडे ‘केअरवोख’ नावाचा प्रकार असतो: बिऱ्हाडांनी आळीपाळीने आठवडाभर जिना झाडायचा-पुसायचा. त्याचं मूळ लोक थेट १४९२ सालच्या शहर-कायद्यात शोधतात. कोलंबस तिकडे अमेरिका हुडकत होता तेव्हा इकडे कोपऱ्यातला केर हुडकत होते. शहराने ही सक्ती १९८८ साली नियमांतून काढून टाकली, पण ती भाडेकरारांत उरली, आणि शेजाऱ्यांच्या डोळ्यांत तर कायमच. ज्याची पाळी त्याच्या दाराच्या मुठीला एक लाकडी पाटी लटकते. रविवारी रात्री ती पुढच्या दाराला जाते. आवाज न करता, पण अचूक. ती पाटी मला फार आवडली म्हणून एकदा समोरच्या दाराला लटकलेली असताना मी तिचा फोटो काढला. दार उघडलं. समोरच्या आजीबाई. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, पायपुसण्याकडे पाहिलं आणि काही न बोलता दार लावलं. अर्ध्या तासात जिना ओल्या फडक्याने पुसला गेला, कठड्यासकट. मी पुरावा गोळा करतोय असं त्यांना वाटलं होतं. पुढच्या आठवड्यात पाटी माझ्याकडे आली तेव्हा त्या तासभर पायरीवर फुलांना पाणी घालत होत्या. फुलं दोनच होती. मी पुसून उठलो तेव्हा त्यांनी वाकून कोपरा पाहिला आणि आत गेल्या. श्वाबेन मुलखात एखाद्याने नावं ठेवली नाहीत म्हणजे कौतुकच समजायचं असतं. मला त्या दिवशी पद्मश्री मिळाली.

हांबुर्गला हा प्रकार नाही. हांबुर्गचा माणूस रविवारी सकाळी एल्ब नदीकाठच्या मासळीबाजारात जातो. हा बाजार १७०३ पासूनचा, उन्हाळ्यात पहाटे पाचला भरणारा आणि साडेनऊला उठणारा. तिथे विक्रेते गाडीवर उभे राहून ओरडतात, केळी फेकतात, धुरावलेल्या बाम माशांनी पिशवी भरतात. एरवी दिवसभर ‘मोइन’ या एका शब्दावर भागवणारा हा मितभाषी समाज आपला सगळा आरडाओरडा त्या चार-साडेचार तासांत उरकून घेतो. शरदात वादळ आलं की नदीचं पाणी त्याच बाजारात शिरतं, आणि साडू मोठ्या कौतुकाने गुडघाभर पाण्याचे फोटो टाकतात. त्यांना गंमत वाटते, पण तिथल्या जुन्या माणसांना नाही. १९६२ च्या फेब्रुवारीतल्या पुरात एका रात्रीत तीनशेवर माणसं गेली. त्यानंतर बंधारे उंच झाले आणि हांबुर्गकर पाण्याचा इशारा हसण्यावारी नेत नाही.

उन्हाळ्यात दिवसाच्या लांबीचा हिशेब उलटतो. जूनमध्ये हांबुर्गला रात्री दहा वाजता वर्तमानपत्र वाचता येतं, आणि माझा पाऊण तास व्याजासकट परत जातो. साडू एल्बच्या वाळूत खुर्ची टाकून मागून जाणाऱ्या अजस्र कंटेनर जहाजांचे फोटो टाकतात. त्यांचा आवडता अड्डा हांबुर्गच्या वेशीबाहेरचा वेडेल. तिथे १९५२ पासून येणाऱ्या-जाणाऱ्या मोठ्या जहाजांना सलामी देतात. ज्या देशाचा झेंडा, त्या देशाचं राष्ट्रगीत लाउडस्पीकरवर लागतं. साडू तिथे ‘जन गण मन’साठी सावधान उभं राहायच्या इराद्याने गेले. पण जहाजं मालकाच्या देशाचा झेंडा क्वचितच लावतात, सोयीच्या देशाचा लावतात. लायबेरिया गेला, पनामा गेला, मार्शल बेटं गेली, पुन्हा लायबेरिया. कॉफीचे तीन कप झाले. भारताचं राष्ट्रगीत काही लागलं नाही, पण लायबेरियाचं आता साडूंच्या धाकट्याला चालीसकट येतं.

त्याच दिवसांत माझ्याकडून फोटो थांबतात. खळग्यातलं शहर, वारा नाही, पस्तीस अंश, घरात एसी नाही आणि पंखा विकत घ्यायला जावं तर दुकानात पंख्याची रिकामी फळी. दिवसभर खिडक्यांवरचे शटर खाली ओढून आम्ही अंधारात बसतो. अंधाराचा फोटो येत नाही. त्यामुळे ग्रुपच्या मते जून-जुलैत श्टुटगार्टला काही घडत नाही.

मग येतो सप्टेंबर, आणि सासऱ्यांचा प्रवेश. श्टुटगार्टला शहराच्या आतच, उतारांवर, द्राक्षबागा आहेत; ट्रामच्या खिडकीतून घड दिसतात. मी त्यांचा फोटो टाकला. एरवी ग्रुपवर सुप्रभातसुद्धा न लिहिणारे सासरे तो फोटो बोटांनी मोठा करून, मोठा करून, घडापर्यंत पोचले. प्रश्नांची फैर झाडली. मांडव का नाही? ओळीत अंतर किती? एवढ्या उतारावर ट्रॅक्टर कसा नेता? डावणी येते का, की नुसती भुरी? मी एका बागवाल्याला गाठून उत्तरं आणली. इथे वर्षातून एकच छाटणी, तीही ऐन थंडीत, वेल झोपलेली असताना. सासरे थक्क. निफाडला एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोड्या बहाराची अशा दोन. वेलीला झोप ठाऊकच नाही. “चार महिने झोपते? आणि खर्च कोण करतं?” असं म्हणून त्यांनी दीर्घ विचार केला. मग मी हुकमाचा एक्का टाकला: श्टुटगार्ट शहराच्या नगरपालिकेची स्वतःची वाइनरी आहे. हा निरोप त्यांनी निफाडच्या सोसायटीत, द्राक्ष संघात आणि एका माजी आमदाराला पाठवला. त्या आठवड्यात मी थोरला जावई होतो.

(झाडूचा घोळ मात्र मी त्यांना सांगितला नाही. इथले बागवाले वर्षातून काही महिने घरच्या घरी गुत्ता उघडतात आणि खूण म्हणून दाराबाहेर झाडू टांगतात. श्टुटगार्टमध्ये झाडू बाहेर दिसला तर दारू, दाराच्या आत दिसला तर पाळी. नवख्याने घाईत कोणाच्याही दारात शिरू नये.)

बांधकामाचे फोटो दोघांनीही टाकणं सोडलंय. हांबुर्गच्या एल्बफिलहार्मोनी या संगीतगृहाचा खर्च सात-आठ कोटी युरोंवरून शहाऐंशी कोटींच्या पलीकडे गेला, पण २०१७ मध्ये ते उघडलं तरी. आमच्या रेल्वे स्थानकाचं काम २०१० पासून चालू आहे. त्या खड्ड्यापुढे दरवर्षी मुलाला उभं करून मी फोटो काढतो. मूल वाढतं, क्रेन तीच.

या सगळ्याचा निकाल गेल्या महिन्यात लागला. सासू-सासऱ्यांचा व्हिसा आला. आधी कोणाकडे, या प्रश्नावर दोन्ही घरांत श्वास रोखून धरला गेला होता. सासूबाईंनी ग्रुप उघडला, वर्षभराचे फोटो शांतपणे पुन्हा पाहिले आणि जाहीर केलं: “धाकटीकडे फार धुकं असतं बाई, यांच्या दम्याला सोसायचं नाही. हांबुर्गला कायम ऊन. आम्ही नोव्हेंबरभर तिथेच राहू, मग डिसेंबरात पाहू.” तिकिटंसुद्धा काढून झाली.

रात्री साडूंचा फोन. एवढ्या वर्षांत त्यांनी मला आपणहून पहिल्यांदाच फोन केला असावा.

“अरे, तू तरी सांग ना त्यांना, नोव्हेंबरात इथे काय असतं ते.”

“मी काय सांगणार? माझ्याकडे तुमचेच फोटो आहेत.”

तेवढ्यात ग्रुप वाजला. सासूबाईंचा निरोप होता, साडूंच्या नावे: सुती साड्याच भरल्या आहेत, गॉगल नाशिकहून घेऊ की तिकडे स्वस्त मिळतो?